हजेरीपट जुलैत नको, कापसाच्या दिवसात बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी शाळा उघडल्या की पेपरात प्रवेशोत्सवाचे फोटो येतात. लेकरं सजवलेल्या बैलबंडीत बसवून शाळेत आणली, गुलाबाचं फूल दिलं, पुस्तकं वाटली, आणि त्याच पानावर शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाची बातमी असते. ते वाचून मला बरंच वाटतं. पण यंदा त्यावर लिहायलाच बसले, आणि त्याला कारण झाली एक कादंबरी, आनंद यादवांची 'झोंबी'. पुस्तक जुनं आहे, १९८७ चं, १९९० मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पु. ल. देशपांडेंची प्रस्तावना आहे, म्हणजे वाचणाऱ्या लोकांनी केव्हाच वाचलेलं असेल. माझ्यापर्यंत ते चाळिशी ओलांडल्यावर आलं आणि तेही आधी हिंदीतून.

माझी भाची नवोदयला आहे. मे महिन्यात सुटीत आली तेव्हा तिच्या बारावीच्या पुस्तकांत 'वितान' नावाचं हिंदीचं पुस्तक होतं, त्यात 'जूझ' नावाचा एक धडा. दुपारी काही काम नव्हतं म्हणून चाळत बसले तर तो धडा कागलच्या एका पोराचा, बापानं शाळा सोडवून वावरात घातलेल्या. मी तो बसल्या जागी वाचून काढला आणि भाचीला म्हटलं अगं हे तर मूळ मराठी आहे, खाली लिहिलंय बघ. मग तालुक्याच्या वाचनालयातून मराठी पुस्तक आणलं. जाड आहे, पण मी ते रात्री रात्री वाचून संपवलं, मधे घरच्यांनी दोनदा विचारलं की एवढं काय आहे त्यात. आता त्यांना काय सांगू, की त्यात मी आहे म्हणून.

तो मुलगा कोल्हापूरकडचा, काळ चाळीसच्या दशकातला, त्यांच्याकडं ऊस, गुऱ्हाळ, मोट, पाणी पाजणं. मी यवतमाळ जिल्ह्यातली, आमच्याकडं कोरडवाहू पाच एकर, पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि मधात तुरीची तासं म्हणजे ओळी, विहिरीला डिसेंबरनंतर पाणी नाही. तो मुलगा, मी मुलगी. सगळंच वेगळं. तरी पानं उलटताना मला वाटत होतं की आमच्या घरात कोणीतरी कोपऱ्यात बसून हे लिहून घेतलं असावं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आनंदा नावाच्या त्या पोराला शाळेत जायचंय. वडील म्हणतात वावरातलं काम कोण करणार. आई लेकाच्या बाजूनं आहे पण नवऱ्यापुढं तिचं चालत नाही. मग एक दिवस शेणी लावता लावता मायलेक ठरवतात की गावातल्या दत्ताजीराव देसायांकडं जायचं, त्यांचा शब्द वडील खाली पडू देणार नाहीत. रात्री दोघं वाड्यावर जातात, सगळं सांगतात, आणि आम्ही इथं आलो होतो हे मात्र त्यांना सांगू नका अशी विनंती करून येतात. दत्ताजीराव वडिलांना बोलावून घेतात, थोड्या वेळानं पोरगा वडिलांना बोलवायला आल्याचं निमित्त करून तिथं पोचतो, आणि मग त्याच्यासमोरच वडिलांची चांगली कानउघाडणी होते. शेवटी वडील कबूल होतात पण अटी घालून. दिवस उगवताच वावरात हजर व्हायचं, अकरा वाजेपर्यंत पाणी पाजायचं, तिथूनच दप्तर घेऊन शाळेत जायचं, शाळा सुटली की तासभर जनावरं चारायची, आणि वावरात काम जास्त असेल त्या दिवशी शाळा नाही.

ही शेवटची अट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटवून थोडा वेळ तशीच बसून राहिले. माझ्या आठवी नववीचं सगळं सार त्या एका अटीत होतं.

आमच्या गावात सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा होती, आठवीपासून पाच किलोमीटरवरच्या गावात हायस्कूल. मी आठवीत गेले ते साल १९९४. जून जुलै ऑगस्ट मी रोज शाळेत जायची, चिखल तुडवत, रेनकोट म्हणून युरियाची थैली डोक्यावर. मला गणित आवडायचं, वर्गात माझा दुसरा तिसरा नंबर राहायचा. मग पोळा झाला, गणपती झाले, दसरा जवळ आला की वावरात बोंडं फुटायला लागायची. पहिल्या वेचणीला माय सीतादही करायची, दहीभाताचा नैवेद्य पऱ्हाटीला दाखवायचा, आणि घरात सण असल्यासारखं वाटायचं. माझ्यासाठी मात्र त्या दिवशी शाळा बंद व्हायची. कोणी बंद कर असं म्हणायचं नाही. बाबा फक्त म्हणायचे, आजचा दिवस थांब. दुसऱ्या दिवशीही आजचाच दिवस. असं करत करत सहामाही परीक्षा निघून जायची, दिवाळी व्हायची, दिवाळीच्या सुट्या संपून शाळा परत भरायची आणि दुसरी वेचणी सुरू व्हायची, मग तिसरी, आणि मी संक्रांतीच्या सुमारास केव्हातरी परत वर्गात जाऊन बसायची.

वर्गात परत गेल्यावर काय होतं ते आनंद यादवांनी लिहिलंय तसं मी आजवर कुठं वाचलं नव्हतं. तो पाचवीत परत जातो तेव्हा बरोबरीची पोरं पुढं गेलेली, गल्लीतली दोन पोरं सोडली तर ओळखीचं कोणी नाही, आपल्यापेक्षा लहान पोरांत धोतर नेसून गमछा घेऊन बसावं लागतं, चव्हाणाचा पोरगा त्याचा गमछा ओढतो, नक्कल करतो, मधल्या सुटीत धोतराचा काष्टा ओढायला बघतात. आणि मग तो आईच्या मागं लागून एक टोपी आणि मळखाऊ रंगाच्या नाडीच्या दोन चड्ड्या आणवून घेतो. केवढी साधी गोष्ट आहे, दोन चड्ड्या. पण ज्यानं हे भोगलंय त्यालाच समजतं की त्या पोराला आधी अभ्यास भरून काढायचा नव्हता, त्याला आधी इतर पोरांसारखं दिसायचं होतं. माझ्या बोटांना सुकलेल्या बोंडांची टोकं लागून चिरा पडलेल्या असायच्या, त्यात कापसाचं कवट काळं होऊन बसायचं, घासून निघायचं नाही. मी हात बाकाखाली ठेवून बसायची. फळ्यावर बीजगणित कुठल्या कुठं गेलेलं असायचं. मास्तर विचारायचे, काय गं कुठं होतीस, आणि सगळा वर्ग मागं वळून बघायचा. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनाही माहीत होतं, कारण गावात प्रत्येकाच्या घरी कापूस होता.

बाबांबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की बाप वाईट होता. कादंबरीतले वडील स्वतः गावात हिंडायला मोकळं व्हावं म्हणून पोराला वावरात अडकवतात, दत्ताजीराव त्यावरूनच त्यांना झापतात. माझे बाबा तसे नव्हते, ते आमच्या आधी वावरात जायचे आणि आमच्या नंतर यायचे. अडचण पैशाची होती आणि ती अडचण कशी तयार होते ते इकडच्या बाहेर फारसं कोणाला माहीत नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती, कापूस पणन महासंघालाच, म्हणजे फेडरेशनलाच द्यायचा. सेंटरवर बंड्यांची लाइन लागायची, दोन दोन रात्री बैलांसकट तिथंच मुक्काम, मग ग्रेडर ग्रेड लावणार, आणि चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हातात पडायला किती दिवस लागतील याचा नेम नाही. वेचणाऱ्या मजूर बायांना मात्र दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी पैसे द्यावेच लागतात, त्यांचंही पोट त्यावरच आहे. घरात रोख नसताना बाजारच्या दिवशी पैसे कुठून द्यायचे? मग बायको वेचते, पोरगी वेचते, सुनेला माहेराहून बोलावून घेतात. त्यात कापूस थांबत नाही. फुटलेल्या बोंडावर अवकाळी पाऊस पडला तर कापूस काळा पडतो, भाव पडतो, वारं आलं तर खाली सांडतो आणि पालापाचोळा चिकटतो. सकाळी दवात वेचला तर सुकलं पान ओलं असतं, चुरत नाही, कापूस स्वच्छ निघतो. म्हणजे चांगल्या वेचणीची वेळ आणि शाळेला निघायची वेळ एकच.

हे सगळं मी लहानपणापासून बघत आले होते पण माझ्या मनात त्याची नोंद आपलं नशीब अशीच होती. 'झोंबी' वाचून मला पहिल्यांदा नीट दिसलं की तिथं नशिबापेक्षा घड्याळाची गोष्ट जास्त आहे. अकरा वाजेपर्यंत वावर, अकरानंतर शाळा, एवढी वेळ बसली आणि त्या पोराचं आयुष्य बदललं. पुढं तोच पोरगा पुणे विद्यापीठात मराठीचा प्राध्यापक झाला, विभागप्रमुख झाला. वडिलांचा स्वभाव एका रात्रीत बदलला नव्हता, गरिबी हटली नव्हती, पीक तेच होतं. कोणीतरी मधे पडून दिवसाचे दोन भाग करून दिले, बस.

माझ्याही बाबतीत कोणीतरी मधे पडलं. आमच्या गावात हनुमानाच्या मंदिरात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना व्हायची, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची, अजूनही होते. तिथले एक म्हातारे बाबाजी होते, त्यांना सगळा गाव मानायचा. माय एक दिवस पाण्याला गेली ती वाटेत त्यांच्या घरी थांबली, मी सोबत होते. मायनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, बाबाजी, माह्यं नाव नका सांगजा. कादंबरीत तंतोतंत हेच वाक्य नाही, पण तीच भीती आणि तीच हुशारी आहे. वाड्यावर गेलेली ती आई आणि पाण्याची गुंडी डोक्यावर घेऊन ओसरीत उभी असलेली माझी माय, दोघी नवऱ्याच्या नकळत जाऊन नवऱ्याच्याच घराचं भलं करत होत्या. ते पान वाचताना मला रडू आलं, आणि मी काही पुस्तकं वाचून रडणाऱ्यातली नाही.

प्रार्थना झाल्यावर बाबाजींनी बाबांना थांबवून घेतलं. बाबा म्हणाले, पोरगी शायेत गेली त कापूस कोन वेचन? त्यावर बाबाजी एवढंच म्हणाले की वावर काही पयून नाही जात गा, पोरीचं साल जाते. आणि मग दोघांनी तिथंच बसून हिशोब लावला. सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत वेचायचं, मग शाळा, रविवार पूर्ण वावरात, दिवाळीच्या सुटीत पूर्ण वावरात. नववीचं ते वर्ष होतं. नऊ वाजता वावरातून निघून धुऱ्यावरच्या डबकीत हातपाय धुवून मी हायस्कूलला धावत जायची, कधी प्रार्थना सापडायची, कधी नाही. पण जायची.

अजून एक गोष्ट मला आनंदा या पोरात माझी सापडली. मराठीच्या सौंदलगेकर मास्तरांनी त्याला कवितेची गोडी लावली, ते स्वतः चालीवर म्हणून, हावभाव करून शिकवायचे. मग हा पोरगा पाणी पाजताना एकटाच कविता म्हणायचा, अभिनय करायचा, वाफा भरून पाणी बाहेर चाललं तरी त्याला भान नसायचं. खिशात कागद पेन्सिल ठेवायचा, नसली तर म्हशीच्या पाठीवर काडीनं कविता लिहायची. आधी त्याला वावरात एकटं वाटून जीव नकोसा व्हायचा, पुढं एकटंच असावं असं वाटायला लागलं. मी कविता केल्या नाहीत. मी पऱ्हाटीच्या तासात उभी राहून पाठांतर करायची. एका तासाला एक स्पेलिंगांचा गट, दुसऱ्या तासाला भूमितीची प्रमेयं, तास संपेस्तोवर पाठ झालं पाहिजे. इतिहासाच्या सनावळ्या मी कापूस वेचतानाच पाठ केल्या आणि त्या अजून पाठ आहेत. बाजूच्या तासातल्या मावश्या हसायच्या, पण नंतर नंतर त्याच विचारायला लागल्या की आज कोणता धडा आहे गं. त्यातल्या एकीनं तर मला सतराचा पाढा म्हणून दाखवला होता, ती स्वतः दुसरीतून निघालेली.

आता जिथं माझं आणि त्याचं जमत नाही तेही सांगते. आनंदा मुलगा होता म्हणून त्याच्या रस्त्यात काही गोष्टी नव्हत्याच. पाच किलोमीटर एकटं जाणं, हिवाळ्यात शाळा सुटून घरी येईपर्यंत अंधार, रस्त्यावर टवाळ पोरं, पाळीच्या दिवसांत हायस्कूलला संडास नाही, आणि नववी पास झाली की घरी येणारे पाहुणे. आमच्या गावच्या सात पोरी आठवीला गेल्या होत्या, दहावीच्या परीक्षेला आम्ही दोघीच बसलो. त्यातली माझ्या बाजूला बसणारी, गणितात माझ्यापेक्षा हुशार, ती नववीच्या डिसेंबरात गेली ती परत आलीच नाही. कोणी तिला शाळेतून काढलं नाही. तिच्या घरी बाबाजींसारखं कोणी गेलं नाही एवढंच. ती आता शेजारच्या तालुक्यात आहे, दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाते, भेटली की माझ्या लेकराचे मार्क विचारते.

हे सगळं जुनं झालं, आता तसं नाही, असं कोणी म्हणेल. बऱ्याच गोष्टी खरंच बदलल्या आहेत आणि त्या मान्य केल्याच पाहिजेत. पोरींना एसटीचा फुकट पास आहे, मानव विकास मिशनच्या निळ्या बस गावापर्यंत येतात, शाळांत संडास झाले, खिचडी मिळते, पुस्तकं मिळतात. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. मी स्वतः गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत आहे, कायद्यानंच समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात म्हणून मला तिथं खुर्ची मिळाली. पण समितीत बसल्यापासून मी दर महिन्याला हजेरीपट बघते आणि त्यामुळंच हे पत्र लिहिते आहे.

जुलैचं पान भरलेलं असतं. ऑगस्टचं पण. दसऱ्यानंतर सहावी सातवीच्या पानांवर अ, अ, अ दिसायला लागतात. हायस्कूलला जाणाऱ्या पोरांचं तर विचारूच नका, पालक म्हणून मी तिथं गेले तेव्हा सरांनी स्वतःच सांगितलं की नोव्हेंबरात वर्ग निम्मा असतो. आणि शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण कधी होतं? २०१५ मध्ये राज्यभर एका दिवसात केलं होतं, तारीख होती ४ जुलै. २०२२ मध्ये शाळा सोडलेली मुलं शोधायला मिशन झिरो ड्रॉपआऊट राबवलं, तेही जुलैतच. जुलैत आमच्याकडं सगळी लेकरं शाळेत असतात हो! तेव्हा वावरात निंदण म्हणजे तण काढणं असतं, तेवढं घरच्या बाया निभावून नेतात. कापूस फुटतो ऑक्टोबरात. तेव्हा कोणी मोजायला येत नाही. शिवाय लेकरू सलग महिनाभर आलं नाही तरच ते शाळाबाह्य धरतात, आणि आमची लेकरं सलग कुठं गैरहजर असतात, चार दिवस वावरात, एक दिवस शाळेत, परत पाच दिवस वावरात, म्हणजे कागदावर ती शाळेतच आहेत. माझंही तसंच होतं, नाव पटावर कायम होतं.

त्यात शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. नववी दहावीतल्या पोरीला कोणीच विचारत नाही, आणि शाळा तुटते ती नेमकी तिथं. २०२१-२२ चा एसटीचा संप नेमका कापसाच्याच महिन्यांत होता, बस बंद, त्यावेळी आमच्या भागातल्या ज्या पोरी घरी बसल्या त्यातल्या काही परत गेल्याच नाहीत, दोघींच्या लग्नाला मी गेलेली आहे. २०२३ पासून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा, म्हणजे अशा छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा, करायची चर्चा चालू आहे. शाळा लांब गेली की नऊ वाजता वावरातून निघून दहा वाजता वर्गात पोचणं कसं जमेल याचा विचार करून मगच काय ते ठरवा एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी मला त्यातलं जास्त समजत नाही.

बीटी कापसाचं बियाणं २००२ मध्ये आलं तेव्हापासून बोंडं एकदम फुटतात, पूर्वी वेचण्या लांबत जायच्या, आता एकाच वेळी सगळ्यांना मजूर पाहिजे. वेचाईचा दर वाढला तो चांगलंच झालं, बायांच्या हातात पैसा येतो, पण ज्याच्याकडं द्यायला नाही तो घरच्या लेकरांकडंच बघतो. म्हणजे बाबांच्या वेळची अडचण चुकाऱ्याची होती, आता मजुराची आहे, लेकरू मात्र तिथंच उभं आहे, कमरेला कापसाची ओटी बांधून.

मग करायचं काय. मी माझ्या समितीत मांडलं ते इथं मांडते. विदर्भात ऊन जास्त म्हणून आपल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते. उन्हासाठी वेळ बदलता येते तर कापसासाठी का नाही? कोणी म्हणेल तुम्ही बालमजुरीला सुटी मागताय. मी सुटी मागत नाही. ज्या लेकराचे दसरा ते संक्रांत धडे बुडाले त्याला जानेवारीत ते परत शिकवा, रोज एक तास जास्त घ्या, सहामाही बुडाली असेल तर परत घ्या आणि सगळ्या वर्गासमोर कुठं होतीस असं विचारू नका. ती कुठं होती हे तुम्हाला माहीत आहे. एवढं झालं तरी मार्चपर्यंत ते लेकरू बरोबरीला येतं, मी आले होते.

दुसरं, घरी जाऊन बापाशी बोलणारा माणूस. दत्ताजीरावांचा शब्द चालायचा कारण त्यांचा वाडा होता, लोक त्यांना दबून होते. आता तसा वाडा नाही आणि नसलेलाच बरा. बाबाजींसारखी माणसंही कमी झाली. मास्तरांना चार ठिकाणची ऑनलाइन माहिती भरायची असते, ते कधी जाणार घरोघरी. पण गावात बचत गट आहेत. उमेद या सरकारी अभियानातल्या गटांच्या बायांना माहीत असतं कोणाच्या वावरात आज कोण वेचतंय, कोणाची पोरगी किती दिवसांपासून दप्तर उघडत नाही, आणि त्या बापाशी बोलू शकतात कारण त्याच्याच बायकोचं कर्ज त्यांच्या गटातून असतं. आम्ही मागच्या हंगामात तीन घरी गेलो. बाबाजींचीच पद्धत वापरली, भांडलो नाही, शाळा बंद करू नका असं भाषणही दिलं नाही, वेळ ठरवून आलो, इतक्या वाजेपर्यंत वावर आणि त्यानंतर शाळा. दोन घरांनी पाळलं. तिसऱ्या घरी परत जायचं आहे.

तिसरं म्हणजे हे पुस्तक. 'झोंबी'तला तो शाळेचा भाग दिल्लीच्या बोर्डाच्या मुलांना बारावीला हिंदीतून मिळतो आणि आमच्या हायस्कूलच्या कपाटात पुस्तकच नाही. मी भाचीचा धडा आठवीत शिकणाऱ्या माझ्या मुलाला मराठी करून वाचून दाखवला, त्याच्यासोबत शेजारची दोन पोरं होती. गमछा ओढतात तिथं एक पोरगा म्हणाला, काकू, हे आपल्याकडचंच आहे ना. तोच पोरगा मागच्या हिवाळ्यात महिनाभर शाळेत दिसला नव्हता. पोरं वाचत नाहीत असं जे म्हणतात त्यांनी एकदा त्यांच्या हातात त्यांचं आयुष्य असलेलं पुस्तक देऊन बघावं. प्रत्येक हायस्कूलला दोन प्रती घ्यायला काही फार पैसे लागत नाहीत, ग्रामपंचायतीनं मनावर घेतलं तरी होतं. दसऱ्याच्या आधी मराठीच्या तासाला तो भाग मोठ्यानं वाचावा आणि त्या दिवशी पालकांनाही बोलवावं, विशेषतः वडिलांना.

माझं पुढं काय झालं ते महत्त्वाचं नाही, तरी लिहिते म्हणजे अर्धवट राहायला नको. दहावी १९९७ ला पास झाले. बारावी बाहेरून केली, लग्नानंतर. बाबांनी दहावीच्या निकालाच्या दिवशी गावभर पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगत होते की पोरगी कापूस वेचून शिकली, अभिमानानं. माय तेव्हा काही बोलली नाही. ती बाबाजींकडं गेली होती हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

संपादक साहेब, आपल्याकडं माझी एकच मागणी आहे. आपले वार्ताहर तालुक्या तालुक्यात आहेत. यंदा प्रवेशोत्सवाचे फोटो छापा, पण दिवाळीची सुटी संपून शाळा भरल्या की त्याच शाळांत पुन्हा एकदा वार्ताहर पाठवा आणि सहावी ते दहावीच्या वर्गात पटावर किती आणि बाकावर किती एवढे दोन आकडे छापा. वावरात फोटो काढू नका, लेकरांची आणि त्यांच्या आईबापांची बदनामी होईल असं काही नको, फक्त आकडे. आमच्या गावच्या शाळेचे मी मुख्याध्यापकांना विचारून नोव्हेंबरात आपल्याकडं पाठवते.

आपली एक वाचक,
शाळा व्यवस्थापन समिती सदस्य,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ